आत्याची शुगर, आत्याची झोप आणि दोन वेगवेगळ्या फायली

आमचं अंबाजोगाईत मेडिकल आहे, आणि महिन्यातून एकदा आत्या केजकडून एसटीनं येते, दवाखान्यात दाखवते आणि चिठ्ठी घेऊन माझ्याकडं येते. मागच्या उन्हाळ्यात आली तेव्हा तिची तीन महिन्याची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, १०.४ निघाली होती. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवून दिलता आणि खाली लिहिलं होतं की पुढच्या वेळी इन्सुलिनचं बघू. मी नवीन गोळ्या काढायला लागलो तर म्हणली, "राहू दे रे बाळा, घरच्या हायत अजून," आणि पिशवीतून मागच्याच महिन्यातल्या स्ट्रिपा काढून काउंटरवर ठेवल्या. मी मोजल्या. साठ दिल्या होत्या, बेचाळीस जशाच्या तशा.

"आत्या, अगं ह्या तर तू खाल्ल्याच नाहीस."

"खाते की. आठवल्यावर खाते."

"काहून आठवत नाही पण?"

"काय की बाबा. मालक गेल्यापासून कशातच मन लागंना. रातच्याला झोप येईना, सकाळी उठूच वाटंना. मंग कोण चहा करायलंय अन् कोण गोळी खायलंय."

आता बघा, डॉक्टरांसमोर होता फक्त १०.४ हा आकडा, बाहेर शंभर माणसं बसलेली, त्यांनी डोस वाढवला, त्यात त्यांचं तरी काय चुकलं. पण जी गोळी पोटात जातच नाही तिचा डोस वाढवून उपयोग काय? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आणि उद्या खरंच इन्सुलिन चालू केलं असतं आणि ही बाई अशीच दोन-दोन वेळा न जेवता पडून राहिली असती तर शुगर एकदम खाली जाऊन घरात एकटीच बेशुद्ध पडली असती, ते वेगळंच.

त्याच आठवड्यात माझी मामेबहीण घरी आली होती. ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे आणि पीएचडीसाठी तिनं नेमका हाच विषय घेतलाय, शरीराचा जुनाट आजार आणि मनाचा आजार एकाच माणसात एकत्र आले की काय होतं. तिला आत्याचं सांगितलं तर ती हसली आणि म्हणली, "दादा, तू आत्ता जे केलंस ना, गोळ्या मोजल्या, त्याला आमच्यात पिल काउंट म्हणतात, रिसर्चची पद्धत आहे ती." मला आपलं उगंच भारी वाटलं. त्यानंतर तिला दोन-तीन दिवस प्रश्न विचारून विचारून जे डोक्यात शिरलं ते इथं सांगतोय, कारण आपल्याकडं घरोघरी अशी एक तरी आत्या आहेच.

आधी एक घोळ मिटवू. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणजे सायकिअॅट्रिस्ट नाही. सायकिअॅट्रिस्ट हा एमबीबीएस करून पुढं मानसोपचारात एमडी वगैरे केलेला डॉक्टर, तो गोळ्या लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्रातून आलेला असतो, त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं नोंदणी लागते, तो तपासण्या घेतो, बोलून उपचार करतो, गोळी लिहीत नाही. आणि भिंतीवर सहा महिन्याच्या कोर्सचं सर्टिफिकेट लावून 'काउन्सेलर' अशी पाटी टांगलेले असतात ते तिसरेच. आमच्या दुकानात लोक तिघांनाही 'डोक्याचा डॉक्टर' म्हणतात.

आता मूळ गोष्ट. एका माणसाला दोन किंवा जास्त जुनाट आजार असले की त्यासाठी दोन शब्द वापरतात, कोमॉर्बिडिटी आणि मल्टीमॉर्बिडिटी. पहिला शब्द अल्व्हन फाइनस्टाइन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९७० मध्ये आणला. दोन्हींतला फरक बहिणीनं लग्नाच्या भाषेत सांगितला. कोमॉर्बिडिटीत एक आजार नवरदेव असतो आणि बाकीचे वऱ्हाडी, म्हणजे 'पेशंट डायबेटिसचा, सोबत नैराश्य पण आहे'. मल्टीमॉर्बिडिटीत नवरदेवच नसतो, सगळे एका पंगतीत बसलेत, शुगर, बीपी, गुडघे, झोप, काळजी, आणि मधोमध माणूस. ऐकायला शब्दांचा खेळ वाटतो पण दवाखान्यात यावरच सगळं ठरतं, कारण नवरदेव कोण हे ठरलं की वऱ्हाड्यांकडं कुणी बघत नाही. शुगरच्या ओपीडीत झोपेचं विचारत नाहीत, मानसोपचाराच्या ओपीडीत शुगरचं विचारत नाहीत, दोन खिडक्या, दोन केसपेपर, आणि पेशंट कॅरीबॅग घेऊन मधल्या व्हरांड्यात.

हे दोन आजार निव्वळ योगायोगानं एकत्र येत असते तर संशोधन करायचं कारणच नव्हतं. पण तसं नाही. डायबेटिस असलेल्या लोकांत नैराश्याचं प्रमाण डायबेटिस नसलेल्यांच्या साधारण दुप्पट निघतं, २००१ मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून हा हिशोब मांडला गेला. आणि रस्ता दोन्हीकडून चालू आहे, नैराश्य आधी असलं तरी पुढं डायबेटिस व्हायची शक्यता वाढते.

का, तर सगळ्यात सरळ कारण आमच्या काउंटरवर दिसलंच. मन खचलेला माणूस गोळी चुकवतो, चालायला जात नाही, स्वयंपाक करायचा कंटाळा म्हणून चहा-बिस्किटावर दिवस काढतो, बापे असतील तर तंबाखू आणि दारू वाढते. २००० साली रॉबिन डिमॅटिओ आणि सहकाऱ्यांनी जुने अभ्यास एकत्र करून बघितलं तर नैराश्य असलेले पेशंट उपचार नीट न पाळण्याची शक्यता बाकीच्यांच्या तिप्पट होती. तिप्पट! आणि आपण म्हणतो, म्हातारी लई हट्टी झालीय.

दुसरं कारण आतलं आहे. ताण आला की मेंदू मूत्रपिंडाच्या वर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथीला निरोप पाठवतो आणि ती कॉर्टिसॉल सोडते. कॉर्टिसॉलचं काम काय, तर संकट आलंय, पळावं लागंल, म्हणून लिव्हरला सांगून रक्तात साखर सोडायची. मागं कुत्रं लागलं असंल तर हे बरोबरच आहे, पाच मिनिटात विषय संपतो. पण मागं सोसायटीचं कर्ज लागलं असंल, पोरीचं लग्न असंल, सोयाबीन घरात आणि भाव पडलेला असंल तर ते कुत्रं वर्षानुवर्षं मागंच राहतं आणि साखर सुटतच राहते. म्हणजे आत्या जेव्हा म्हणते "मी तर गोड खातच नाही, तरी शुगर वाढती," तेव्हा ती प्रत्येक वेळी खोटं बोलत असतेच असं नाही.

त्याच्याच जोडीला सूज. जखमेवरची नाही, अंगभर असलेली बारीक सूज, जी दिसत नाही पण रक्ताच्या तपासणीत कळते. ताप आल्यावर आपल्याला कुणाशी बोलावं वाटत नाही, जेवण जात नाही, पांघरूण घेऊन पडावं वाटतं, ते ताप करतो असं आपण म्हणतो पण खरं तर शरीराची रोगाशी लढणारी यंत्रणा जी रसायनं सोडते ती मेंदूपर्यंत जाऊन हे करतात. याचा एक पुरावा हिपॅटायटिस सी च्या जुन्या उपचारात मिळाला, पेशंटला इंटरफेरॉनची इंजेक्शनं द्यायचे, म्हणजे अशाच प्रकारचं रसायन बाहेरून, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना उपचार चालू असतानाच नैराश्य यायचं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त हलवून गेली कारण आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की मन खंबीर ठेवा, आणि इथं खंबीर माणूस इंजेक्शननं खचतोय.

आणि तिसरं कारण मी रोज विकतो, ते म्हणजे औषधंच. मेटफॉर्मिन, शुगरची सगळ्यात जास्त खपणारी गोळी आणि चांगली गोळी, पण वर्षानुवर्षं घेतली की काही जणांत बी१२ कमी करते, आणि शाकाहारी माणसात ते आधीच कमी असू शकतं. बी१२ कमी झालं की थकवा येतो, हातापायाला मुंग्या येतात, विसरायला होतं, उदास वाटतं. आता मुंग्या शुगरनं पण येतात. मग मुंग्या कुणाच्या, शुगरच्या की बी१२ च्या, आणि उदासी कुणाची, बी१२ ची की मालक गेल्याची? थायरॉइड कमी काम करत असंल तर अजून गुंता, तोही माणूस सुस्त, जाड आणि रडवेला करतो. म्हणून चांगला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पहिल्याच भेटीत विचारतो की थायरॉइड आणि बी१२ तपासलंय का, आणि नसंल तर फिजिशियनकडं पाठवतो. बहिणीचं म्हणणं असं की मनाचं नाव देण्याआधी रक्त बघितलं नाही तर ती आळशीपणाची सायकॉलॉजी झाली.

आता तिच्या रिसर्चमधला जो भाग मला लई आवडला तो सांगतो. नैराश्य मोजायचं कसं? त्याला काय मीटर नाही. जगभर जास्त चालते ती पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली, २००१ मध्ये प्रसिद्ध झाली, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यात किती दिवस असं वाटलं त्यावरून प्रत्येकाला शून्य ते तीन मार्क, एकूण सत्तावीस, आणि दहा किंवा त्याच्या पुढं गेलं की नीट तपासायला हवं. तिनं मला मोबाइलवर प्रश्न दाखवले. झोप, थकवा, भूक असे तीन प्रश्न आहेत त्यात. आता ज्याची शुगर तीनशे आहे तो रात्रीतून पाचदा लघवीला उठतो, म्हणजे झोप गेली, तीन मार्क. अंगात त्राण नाही, तीन मार्क. भुकेचं तंत्र बिघडलंय, तीन मार्क. झाले नऊ. माणूस मनानं एकदम ठणठणीत, पोरांशी पत्ते खेळतोय, आणि दहाला एकच कमी! म्हणजे मोजपट्टीच शरीराला आणि मनाला एकाच दोरीनं मोजतीय.

हा प्रश्न जुना आहे. १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ या दोघांनी याच्यासाठीच दवाखान्यातल्या पेशंटसाठी वेगळी प्रश्नावली केली, हॅड्स, ज्यात झोप-भूक-थकवा असलं काही विचारलंच नाही, फक्त आनंद वाटतो का, जीव घाबरतो का असलं. पण मग उलटी अडचण. आपल्याकडं माणूस नैराश्य मनातून सांगतच नाही, अंगातून सांगतो. "डोक्यातून वाफा निघायल्यात", "छातीवर दगड ठेवल्यावानी वाटतंय", "अंग आग आग करतंय". शरीराचे प्रश्न काढून टाकले तर असली माणसं जाळ्यातून सुटतात, ठेवले तर शुगरची माणसं उगंच अडकतात. म्हणून प्रश्नावली ही फक्त चाळणी, पुढं समोर बसून बोलावंच लागतं.

भाषांतराची पण मजा आहे. पुस्तकी मराठीत प्रश्न असतो, 'निराश, खिन्न किंवा हताश वाटते का?' परळीकडच्या एका आजींना तिनं हा प्रश्न वाचून दाखवला तर आजी म्हणल्या, "न्हाय बाई, तसलं काय न्हाय." मग तिनं विचारलं, आजी, मन लागतं का? आजींच्या डोळ्यात पाणी. "मन कशाला लागंल माय, नातू शिकायला गेला तवापासून घर खायला उठतंय." मार्क लिहायच्या कागदावर आधी शून्य लिहिलं होतं. आता प्रत्येक रिसर्चर आपापल्या मनानं प्रश्न बदलायला लागला तर मोजमाप एकसारखं राहत नाही, आणि नाही बदलला तर आजीचं शून्य राहतं. यासाठी भाषांतर करायचं, ते दुसऱ्याकडून परत मूळ भाषेत उलटं करून घ्यायचं, मग गावातल्या लोकांवर तपासायचं असा सगळा खटाटोप असतो, महिने जातात त्यात.

आणि समजा मोजलं नीट, तरी कुणाला मोजलं हा प्रश्न राहतो. दवाखान्यात बसून पेशंट मोजले की हमखास असं दिसतं की दोन आजार हातात हात घालून येतात, कारण ज्याला दोन त्रास आहेत तो दवाखान्यात यायची शक्यताच जास्त. एक त्रास असलेला बसतो घरी, सहन करत. जोसेफ बर्कसन यानं १९४६ मध्ये हा घोटाळा दाखवून दिला आणि त्याच्याच नावानं तो ओळखला जातो. आठवडी बाजारात उभं राहून 'गावात किती लोकांकडं पिशवी असते' हे मोजण्यासारखं आहे ते.

मग गावात जावं, आणि एकदाच जाऊन भागत नाही, कारण एका दिवसाच्या फोटोवरून आधी शुगर आली की आधी उदासी आली हे कळत नाही, तीच माणसं वर्षभराने, दोन वर्षांनी परत भेटायला पाहिजेत. आणि इथं आपला मराठवाडा आडवा येतो. बीड जिल्ह्यातल्या किती वस्त्या दिवाळीच्या आसपास रिकाम्या होतात तुम्हाला माहितीय, उचल घेतलेली, मुकादमाची गाडी आली की जोडपं कोयता घेऊन निघालं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, ते पार उन्हाळा लागायला परत. जानेवारीत फॉलोअपला गेलं तर घराला कुलूप, ओसरीवर म्हातारं माणूस आणि शेळी. रिसर्चच्या भाषेत हे 'लॉस टू फॉलोअप'. ऐकायला साधं वाटतं पण गोम अशी की जे गेले ते कोण? कर्जात असलेले, जास्त राबणारे, गोळ्या तुटणारे. जे सापडले ते त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतले. म्हणजे यादीतून जास्त त्रासवालेच गळाले आणि सरासरी छान दिसायला लागली! म्हणून कुठल्याही अभ्यासाचा आकडा वाचताना मी आता पहिल्यांदा बघतो की सुरुवातीला किती होते आणि शेवटी किती उरले.

ऊसतोडीचा विषय निघालाच आहे तर, बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण आठवत असंल, २०१९ मध्ये सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली होती. त्यावेळी चर्चा झाली ती ऑपरेशनची, दवाखान्यांची, पैशाची. पण तिशीतल्या बाईची गर्भपिशवी काढताना बीजकोष पण काढले तर इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं हार्मोन, एका दिवसात खाली येतं, चाळीस-पन्नाशीत हळूहळू यायची पाळी बंद होण्याची सगळी लक्षणं एकदम अंगावर, वाफा, घाम, झोप नाही, चिडचिड, उदासी, पुढं हाडं ठिसूळ आणि हृदयाचा धोका. ती बाई पाच वर्षांनी कंबर धरून दवाखान्यात येते, म्हणते जीव नको नको झालाय, तर तिला कॅल्शियम देतात. तिच्या शरीराचा आणि मनाचा आजार वेगळा करून दाखवा बरं कुणी. मेरिल सिंगर नावाच्या मानववंशशास्त्रज्ञानं १९९० च्या दशकात सिंडेमिक असा शब्द आणला, दोन आजार एकमेकांना वाढवतात आणि दोघांना खतपाणी घालते ती माणसाची परिस्थिती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतो ना आपण, तेच ते, जरा इंग्रजी कपड्यात.

आणि हे फक्त आपल्याकडं नाही. स्कॉटलंडमध्ये सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, तर सगळ्यात गरीब वस्त्यांत बहुव्याधी, म्हणजे तीच मल्टीमॉर्बिडिटी, श्रीमंत वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षं आधी सुरू होते, आणि शरीर-मन अशी जोडी गरिबांत जास्त. जिथं सरकारी दवाखाना फुकट आहे तिथली ही गोष्ट.

आतापर्यंत शरीराकडून मनाकडं आलो, उलट्या बाजूचं तर त्याहून वाईट आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर असे मोठे मानसिक आजार असलेले लोक बाकीच्यांपेक्षा १० ते २० वर्षं लवकर जातात असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि जाण्याचं मोठं कारण आत्महत्या नसून हृदयविकारासारखे साधे, उपचार होऊ शकणारे आजार. एक तर ओलँझापिनसारख्या गोळ्या, ज्या त्यांना लागतात, त्याच वजन आणि शुगर वाढवतात. दुसरं म्हणजे त्यांच्या दुखण्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. छातीत दुखतंय म्हणला तर घरचे म्हणतात याचं रोजचंच आहे, आणि डॉक्टर पण फाईलवरचं पहिलं पान बघून तेच म्हणतात. याला डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग म्हणतात, एका आजाराची सावली दुसऱ्यावर पडणं. आमच्याकडं एक बाप येतो पोराच्या गोळ्या न्यायला, चार वर्षं झाली, एकदा मी विचारलं, मामा, पोराची शुगर तपासली का कधी? म्हणले, "त्याला काहून शुगर होईल, त्याला तर डोक्याचं हाय."

बरं, मग इलाज काय? इथं सरळ उत्तर असतं तर बरं झालं असतं. १९९३ मध्ये नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी मॉन्ट्रियलमध्ये हार्ट अटॅक येऊन गेलेल्या २२२ पेशंटचा अभ्यास छापला, त्यात ज्यांना दवाखान्यात असताना नैराश्य होतं त्यांचा सहा महिन्यात मृत्यू होण्याचा धोका जवळपास चौपट निघाला. सगळ्यांना वाटलं, चला, नैराश्य बरं करू, हृदय वाचंल. मग अमेरिकेत एनरिच्ड नावाचा मोठा प्रयोग झाला, २,४८१ पेशंट, बोलून उपचार, गरज लागली तर गोळ्या. २००३ मध्ये निकाल आला. मन थोडं सुधारलं, पण मृत्यू आणि पुन्हा अटॅक येणं कमी झालं नाही. मला हा निकाल कळल्यावर जरा वाईटच वाटलं, पण बहीण म्हणली हाच सगळ्यात कामाचा निकाल आहे, कारण त्यातून कळलं की एका खिडकीवर मन आणि दुसऱ्या खिडकीवर हृदय असं करून भागत नाही.

मग २०१० मध्ये वेन केटन यांच्या टीमनं वॉशिंग्टन राज्यात २१४ पेशंट घेतले, ज्यांना नैराश्य पण आणि कंट्रोल न होणारी शुगर किंवा हृदयविकार पण, आणि केलं काय तर एका नर्सला दोन्हीची जबाबदारी दिली. तीच नर्स फोन करणार, तीच शुगर-बीपी-कोलेस्टेरॉल बघणार, तीच मन कसंय विचारणार, आणि ठराविक दिवसांनी डॉक्टरांसोबत बसून कुणाचं काय अडलंय ते ठरवणार. वर्षभरानं चारही गोष्टी बाकीच्यांपेक्षा सुधारल्या. हीच पद्धत भारतात चार डायबेटिस दवाखान्यांत ४०४ पेशंटवर करून बघितली, २०२० मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आली. दोन वर्षांनी, नैराश्य निम्म्यावर आलं आणि सोबत शुगर, बीपी किंवा कोलेस्टेरॉल यातलं एक तरी ठरवलेल्या मापानं उतरलं, असे ७१.६ टक्के लोक होते, नेहमीच्या उपचारवाल्यांत ५७.४. लक्षात घ्या, नेहमीच्या उपचारात पण निम्म्याहून जास्त सुधारले, म्हणजे ही काय जादूची कांडी नाही. पण फरक पडला तो नव्या औषधानं पडलेला नाही. कुणीतरी एक माणूस दोन्ही फायली एका टेबलावर ठेवून फोन करत राहिला, त्यानं पडला.

आपल्याकडं हे व्हायला अडचण पैशाची आहेच, पण त्याहून जास्त माहितीची आहे. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं ते बारा राज्यांत, त्यात महाराष्ट्र नव्हताच. मराठवाड्याचं तर सोडूनच द्या. तरी जे आहे ते वापरावं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, जिल्हा रुग्णालयात विचारलं तर सांगतात. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलतात. कुणाच्या मनात जीव द्यायचे विचार यायला लागले तर वाट न बघता लावा. आणि घरात कुणाला अशी शंका आली तर सरळ विचारा, विचारल्यानं डोक्यात खूळ भरतं ही समजूत चुकीची आहे, पीएचक्यूचा नववा प्रश्न तोच असतो.

आत्याचं राहिलंच. मला वाटलं घरचीच सायकॉलॉजिस्ट आहे, करंल ती. तर ती म्हणली नाही, नात्यातल्या माणसावर उपचार करायचे नसतात, नियम आहे आणि तो बरोबरच आहे, तूच घेऊन जा. आत्या म्हणली, "मी काय येडी झालेय का रे?" मी सांगणार होतो की झोपेच्या डॉक्टरकडं जाऊ, पण बहिणीनं आधीच दम दिलता, खोटं सांगून नेऊ नको, एकदा कळलं की परत येणार नाही. मग खरंच सांगितलं, झोप येईना आणि मन लागंना म्हणून जायचंय, शुगर त्याच्यामुळंच अडलीय असं वाटतंय. दोन महिने नाही म्हणत होती. पोळ्याच्या आधी स्वतःच म्हणली, चल मंग. तिथं त्यांनी आधी रक्त बघितलं, बी१२ कमीच निघालं, इंजेक्शनं चालू केली, एक छोटी गोळी रात्रीची दिली आणि दर पंधरा दिवसाला बोलायला बोलावलं. बोलायला जायचं म्हणून ती एसटीनं येते, येताना शेजारणीला पण घेऊन येते, आणि दोघी मिळून योगेश्वरीचं दर्शन करून जातात. यातल्या कशाचा किती गुण आला, इंजेक्शनचा, गोळीचा, बोलण्याचा की शेजारणीचा, मला सांगता यायचं नाही आणि बहिणीला विचारलं तर ती म्हणते एका माणसावरून कुणालाच सांगता येणार नाही.

मागच्या महिन्यात शुगर ८.७ आली. अजून जास्तच आहे. आत्यानं पिशवीतून स्ट्रिपा काढल्या, काउंटरवर माझ्यापुढं सरकवल्या आणि म्हणली, "मोज."

मोजल्या. चौदा उरल्या होत्या.